सावली कुणाची?

मी नगरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. बी.एड. होऊन दहा वर्षे झाली. वर्गात उर्दू, घरी दखनी आणि बाजारात मराठी, असा माझा दिवस जातो. पृथ्वीच्या परिवलनाला आम्ही वर्गात 'महवरी गर्दिश' म्हणतो. शब्द बदलतो, पृथ्वी तीच फिरते.

चंद्राशी मात्र आमची ओळख पुस्तकाच्या आधीची. एकोणतिसाव्या रोज्याला अब्बा आम्हा भावंडांना गच्चीवर न्यायचे. मगरिबच्या वेळी सगळी गल्ली पश्चिमेकडे डोळे लावून उभी असे. चाँद दिसला तर उद्या ईद, नाहीतर तिसावा रोजा. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात, म्हणून महिना कधी 29चा, कधी 30चा, हे पुढे कळले. बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, हेही मी मुलांना हौसेने सांगत असे.

पण चाँद लहान-मोठा का होतो, असे कुणी विचारले की माझे उत्तर ठरलेले होते, "उस पर ज़मीन की परछाईं पड़ती है." लहानपणी कुणाकडून तरी ऐकलेले डोक्यात पक्के बसले होते. पुस्तकातली आकृती बरोबर होती, मीच तिच्यावरून घाईने पुढे जात असे. अशी कितीतरी मुले माझ्या हातून शिकून गेली.

जानेवारी 2025 मध्ये आठवीच्या मुलांची सहल आम्ही हिवरे बाजारला नेली. आपल्याच तालुक्यातले गाव. एके काळी दुष्काळाने माणसे इथून निघून जात होती. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावाने डोंगरावर चर खोदले, पाणी अडवले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठी बोअर घेणे थांबवले. पवारांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावात मुसलमानाचे घर एकच, त्यांच्यासाठी गावाने मशीद बांधली, हे ऐकून आमच्या मुली एकमेकींकडे बघत राहिल्या.

मला सर्वांत भावला तो पाण्याचा जमाखर्च. किती पाऊस पडला ते इथे मोजतात. त्यातले पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती, याचा हिशेब ग्रामसभेत मांडतात आणि मग कोणती पिके घ्यायची ते ठरवतात. कमी पाऊस झाला तर जास्त पाण्याचे पीक नाही. मी मुलांना म्हटले, "देखो, यहाँ कोई अंदाज़े से नहीं बोलता."

हे बोलून तासही झाला नसेल. चार वाजत आले होते. एका शेतात कांद्याची काढणी चालली होती. सूर्य पश्चिमेला कलला होता आणि पूर्वेच्या निळ्या आभाळात अर्ध्याहून जरासा मोठा चंद्र दिसत होता. चाँदची सातवी तारीख होती. एरवी वर्गात गप्प बसणारा एक मुलगा माझ्याजवळ आला.

"टीचर, सूरज इधर है, चाँद उधर है. हमारी परछाईं तो पीछे ज़मीन पर पड़ी है. चाँद पर किस की परछाईं है?"

मी वर पाहिले, खाली पाहिले. आमच्या सावल्या पूर्वेकडे मातीवर लांब पसरल्या होत्या. चंद्र तर वर होता. सूर्य आणि चंद्र एकाच वेळी आभाळात असताना पृथ्वीची सावली तिथे पोचणार कशी? माझ्याकडे उत्तर नव्हते.

बांधावरच्या आजोबांना विचारून त्याने एक कांदा घेतला आणि हात लांब करून चंद्राशेजारी धरला. कांद्याची सूर्याकडची बाजू उजळली, दुसरी अंधारात राहिली. चंद्रावर जेवढा उजेड, तेवढाच कांद्यावर. उजेडाची कड वाकडी झाली होती तीही तशीच. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, त्यातला आपल्या बाजूचा किती दिसतो एवढाच फरक. काळी बाजू ही चंद्राची स्वतःची रात्र. सावली कुणाचीच नाही.

सगळी मुले माझ्याकडे बघत होती. विषय बदलणे सोपे होते. पण पावसाचा थेंबन् थेंब मोजणाऱ्या गावात उभी राहून मी ते करू शकले नाही. मी म्हणाले, "बेटा, मैंने ग़लत पढ़ाया था." माझा आवाज थोडा कापला. मुले हसली नाहीत. एकेकाने कांदा हातात घेऊन पाहिला. आजोबा म्हणाले, "बाई, कांदा न्या की घरी. शाळेत कामाला येईल."

जुन्या विद्यार्थ्यांचे काय, हा प्रश्न मात्र राहिला. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती ग्रहणात, तीही फक्त पौर्णिमेला. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने दर पौर्णिमेला तो सावलीत सापडत नाही. 7 सप्टेंबर 2025च्या रात्री सापडला. ज्यांचे नंबर होते त्या जुन्या मुलांना मी त्या संध्याकाळी फोन केले. कुणी कारखान्यात, कुणी कॉलेजात, एक मुलगी बाळाला घेऊन बसलेली. अकरानंतर चंद्र पूर्ण झाकला गेला आणि ढगांच्या फटींतून तांबूस दिसू लागला.

मी प्रत्येकाला एकच सांगितले होते, "आज रात को देखना, ज़मीन की परछाईं ये है. वो जो मैंने पढ़ाई थी, वो नहीं थी."