रविवारांचा गुणाकार

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही एकवीस अंकी संख्या. दोनाच्या ६७व्या घातातून एक वजा केला की ती मिळते. फ्रान्समधील मिनिम संघाचे धर्मगुरू मारँ मेर्सेन यांनी १६४४ साली मूळ संख्यांच्या आपल्या यादीत तिला स्थान दिले. मूळ म्हणजे, एक व ती स्वतः यांखेरीज जिला विभाजक नाही अशी. मेर्सेन विद्वान व व्रतस्थ. त्यांच्या शब्दाला वजन होते.

१८७६ साली एदुआर ल्युका यांनी ही संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले; मात्र तिचे विभाजक अज्ञातच राहिले. ऑक्टोबर १९०३मध्ये न्यूयॉर्क येथे गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. ते एक शब्दही न बोलता फळ्यावर केवळ गुणाकार करून जागेवर बसले, आणि या शोधापायी त्यांनी तीन वर्षांचे रविवार वेचले होते, असे सांगतात.

आम्ही नवाचा ताळा पाहिला. दोन्ही विभाजकांचा एक, गुणाकाराचाही एक. परंतु ताळा जमणे ही केवळ खूण, पुरावा नव्हे. म्हणून सारा गुणाकार वहीत मांडला. तो तंतोतंत उतरला.

यादी चुकली म्हणून मेर्सेन आम्हांस लहान वाटत नाहीत. अशा संख्यांना आजही त्यांचेच नाव आहे. श्रद्धेय व्यक्तीचा शब्द पारखणे म्हणजे तिचा अवमान, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. आम्हांस तो आदराचाच एक प्रकार वाटतो. मात्र पारख कोल यांच्यासारखी हवी, कष्टाची आणि अबोल.