धडक ठरवून द्यायची

मोटारशर्यतीच्या बहुतेक व्हिडिओ गेममध्ये टक्कर ही शिक्षा असते. गाडी आपटते, वेळ जातो, मागचे पुढे निघून जातात. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या क्रायटेरियन गेम्स या कंपनीने २००१ साली ‘बर्नआउट’ आणला आणि हा हिशेब उलटा केला. जितका धोका पत्कराल तितका वेग मिळेल, असा त्याचा नियम. २००२ च्या दुसऱ्या भागात भर चौकात गाडी घुसवून जास्तीत जास्त नुकसान करायचा ‘क्रॅश मोड’ आला. २००४ च्या ‘बर्नआउट ३: टेकडाउन’मध्ये प्रतिस्पर्ध्याला भिंतीवर, खांबावर किंवा समोरून येणाऱ्या बसवर ढकलण्याचं बक्षीस मिळू लागलं. पुढे २००५ मध्ये ‘रिव्हेंज’ आणि २००८ मध्ये मोकळ्या शहरात फिरवणारा ‘पॅराडाइज’ आला. पॅराडाइजची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये निघाली आणि आज नव्याने शिकणाऱ्याला मी तीच सुचवतो.

मी रायपूरचा. गेम पार्लर चालवतो आणि हे खेळ शिकवतो. तात्यापाऱ्यातली मराठी मुलं मला दादा म्हणतात, बाकीची भैया. दोघांच्याही तोंडी खेळताना एकच शब्द असतो: ठोक! आमच्या पिढीने सायबर कॅफेत ‘रोड रॅश’ खेळताना साखळ्या आणि दांडके चालवले, तेव्हापासून हा शब्द इथे आहे. समज असा की या खेळात डोकं लागत नाही, ॲक्सिलरेटर दाबून घुसायचं. माझा अनुभव नेमका याच्या विरुद्ध आहे. या खेळात सर्वांत कमी आपटतो तोच सर्वांत जास्त जणांना आपटवतो. त्याची प्रत्येक धडक आधी ठरलेली असते.

बूस्ट कमवा, मग खर्चा

पडद्याच्या कोपऱ्यातली बूस्टची, म्हणजे साठवलेल्या जादा वेगाची पट्टी हा या खेळाचा प्राण आहे. ती भरण्याचे मार्ग ठरलेले आहेत: समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने गाडी चालवणं, वाहनाला चाटून पण न लागता निघणं, वळणावर गाडी घसरवणं, हवेत उडी घेणं आणि प्रतिस्पर्ध्याला पाडणं, म्हणजेच टेकडाउन. यातलं शेवटचं सर्वांत मोलाचं. ‘टेकडाउन’मध्ये एक गाडी पाडली की पट्टी भरतेच, शिवाय लांबही होते, अगदी मूळच्या चौपटीपर्यंत. आपण आपटलो की तिचा काही भाग जातो.

नवखा खेळाडू सुरुवातीच्या सरळ रस्त्यावरच सगळा बूस्ट उधळतो. तसं करू नका. या खेळात मागे पडलेले प्रतिस्पर्धी जवळ येतीलच अशी सोय केलेली असते, त्यामुळे पहिल्या फेरीत मिळवलेली मोठी आघाडी टिकत नाही. पहिल्या फेऱ्या पट्टी लांब करण्यासाठी वापरा, घोळक्यातच राहा, कारण पाडायला गाड्या तिथेच असतात. शेवटच्या फेरीत मात्र साठवलेलं सगळं सोडा आणि कोणाच्या नादी लागू नका.

पॅराडाइजमध्ये गाडी निवडतानाच हा हिशेब करावा लागतो. तिथे गाड्यांचे तीन प्रकार आहेत. स्टंटच्या गाड्यांना उड्या आणि गिरक्या बूस्ट देतात. आक्रमक गाड्यांची पट्टी टेकडाउनने वाढते. वेगाच्या गाड्यांचा बूस्ट पट्टी पूर्ण भरल्याशिवाय सुरूच होत नाही, पण एकदा सुरू केला आणि धोका पत्करत शेवटपर्यंत न सोडता चालवला, तर पट्टी पुन्हा भरते आणि साखळी चालू राहते. शिकणाऱ्याने आक्रमक गाडीपासून सुरुवात करावी. वेगाची गाडी नजर तयार झाल्यावरच घ्यावी.

नजर कुठे ठेवायची

ताशी २०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर जाते. माणसाला दिसलेल्या गोष्टीवर हात हलवायला पाव सेकंद लागतो, म्हणजे ट्रक दिसून बोट हलेपर्यंत १४ मीटर गेलेले असतात. स्वतःच्या गाडीकडे पाहत खेळणारा म्हणूनच कायम उशिरा वळतो. डोळे रस्ता जिथे संपताना दिसतो तिथे लावा. आपली गाडी डोळ्यांच्या कडेने दिसत राहते, तेवढं पुरतं. वाहनांऐवजी वाहनांमधल्या फटी शोधा. ट्रककडे पाहिलं की हात ट्रककडेच जातात, फटीकडे पाहिलं की फटीकडे.

आपल्याकडच्या मुलांसाठी इथे एक खास सूचना आहे. पॅराडाइज सिटी अमेरिकी धर्तीचं शहर आहे, वाहतूक उजवीकडून चालते. भारतीय हात सवयीने डावीकडे सरकतो आणि आपण समोरून येणाऱ्या रांगेत शिरतो. मी शिकणाऱ्यांना ही सवय मोडायला सांगत नाही. तीच कमाईची बाजू आहे. फक्त सरळ, लांबवर दिसणाऱ्या रस्त्यावर डावीकडे राहा आणि आंधळं वळण किंवा चढाचा माथा आला की उजवीकडे या. एवढी शिस्त पाळली तरी पट्टी बराच वेळ भरलेली राहते.

पॅराडाइजच्या शर्यतींना आखलेला मार्ग नसतो. शेवटची ठिकाणं मात्र शहरभरात मिळून आठच आहेत. आम्ही रायपुरात टाटीबंध, जयस्तंभ आणि तेलीबांधा मनात पक्के धरून कुठल्याही गल्लीतून वाट काढतो, तसे हे आठ ठिपके डोक्यात बसवा. मग नकाशाकडे पाहावं लागत नाही. वरच्या बाजूला रस्त्याच्या नावाची पाटी लुकलुकली की वळण जवळ आलं, एवढी खूण पुरते.

धक्का देण्याची कला

मागून जोरात आदळून गाडी क्वचितच पडते. बाजूने जा, तुमच्या गाडीचं नाक त्याच्या मागच्या चाकापाशी आणा आणि वळणाआधी किंचित भिंतीकडे दाबा. उरलेलं काम वळण करतं. समोरून ट्रक येत असेल तर प्रतिस्पर्ध्याला त्याच्या मार्गात हलकं ढकललं तरी पुरे. कमी शक्तीत जास्त परिणाम हवा असेल तर भिंत, खांब, पुलाचा कठडा आणि वाहतूक यांना आपल्या बाजूने वापरायला शिका. ‘टेकडाउन’ आणि ‘रिव्हेंज’मध्ये ठरावीक जागी ठरावीक पद्धतीने पाडल्यास खास टेकडाउन मिळतं. ते गोळा करायचं तर रस्त्यावरच्या अशा जागा लक्षात ठेवाव्या लागतात.

‘रिव्हेंज’मध्ये आणखी एक हत्यार आहे. आपल्याच दिशेने जाणाऱ्या लहान गाडीला मागून ठोकलं की ती गोळीसारखी पुढे उडते आणि प्रतिस्पर्ध्याला लागते. बस, ट्रक आणि समोरून येणाऱ्या वाहनांना ही सवलत नाही. मुलं हा फरक विसरतात आणि बसमध्ये घुसतात.

टेकडाउन झाल्यावर कॅमेरा पडलेल्या गाडीकडे वळतो, आपली गाडी तेवढा वेळ खेळच सांभाळतो. बरेच जण तो देखावा पाहत बसतात आणि ताबा परत मिळताच आपटतात. त्या क्षणभरात पुढचा रस्ता कसा होता हे आठवा आणि बोटं तयार ठेवा.

आपण स्वतः आपटलो तरी खेळ संपत नाही. ‘टेकडाउन’ आणि ‘रिव्हेंज’मध्ये बटण दाबून धरलं की काळ मंदावतो आणि मोडलेली गाडीही थोडी वळवता येते. याला आफ्टरटच म्हणतात. मागून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत ते भंगार नेऊन टाका. तो आदळला तर तुमची गेलेली पट्टी वाचते. आपटल्यावर हात सोडून बसणारा खेळाडू यामुळेच हरतो.

चौक वाचणे

क्रॅश मोड मला सर्वांत प्रिय आहे. ‘टेकडाउन’मध्ये असे शंभर चौक आहेत आणि प्रत्येक चौक म्हणजे एक कोडं आहे. सुरुवातीला कॅमेरा चौकावरून फिरतो. तेवढ्यात तीन गोष्टी टिपा: वाहनं कुठून कुठे वाहतात, बस किंवा टँकर कधी येतो, आणि नुकसानीची रक्कम, म्हणजे आपली कमाई, दुप्पट किंवा चौपट करणारी चिन्हं कुठे आहेत. तुटलेल्या हृदयाचं चिन्ह कमाई निम्मी करतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

मधोमध पूर्ण वेगाने घुसणं ही सर्वांची पहिली इच्छा असते. त्यात दोन-चार गाड्या मोडतात आणि बाकी वाहतूक शांतपणे निघून जाते. त्याऐवजी आधी एखादं लांब वाहन आडवं पाडा, म्हणजे रस्ता अडेल आणि मागच्या गाड्या येऊन आदळत राहतील. ठरलेल्या संख्येइतकी वाहनं मोडली की क्रॅशब्रेकर हा स्फोट हातात येतो. तो लगेच फोडू नका. आजूबाजूला गर्दी जमू द्या, मग फोडा आणि हवेत उडालेली आपली गाडी आफ्टरटचने उरलेल्या बक्षिसाकडे वळवा. या मोडमध्ये संयमाला मिळणारे पैसे वेगापेक्षा जास्त असतात.

पडदा, हात आणि मोबाइल

हे खेळ सेकंदाला ६० चित्रांवर चालतात. टीव्हीने चित्र दाखवायला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशीर केला तर २०० च्या वेगाला साडेपाच मीटरचा फरक पडतो. म्हणून टीव्हीतला ‘गेम मोड’ आधी सुरू करा. मुलाला जमत नाही असं वाटत असेल तर बऱ्याचदा दोष त्या टीव्हीच्या सेटिंगचा असतो. कॅमेरा सुरुवातीला गाडीच्या मागचाच ठेवा, त्यात गाडीची रुंदी कळते.

आमच्याकडे आता बहुतेक मुलं मोबाइलवरच खेळतात. २०१८ मध्ये आलेल्या ‘ॲस्फाल्ट ९’मध्येही विचार तोच आहे. नायट्रोची, म्हणजे तिथल्या बूस्टची पट्टी पूर्ण भरल्यावर दोनदा टिचकी मारली की जांभळी शॉकवेव्ह निघते. ब्रेकवर दोनदा टिचकी मारली की गाडी गिरकी घेते, आणि गिरकीच्या कक्षेत आलेला प्रतिस्पर्धी पडतो. घाईने अर्धी पट्टी वापरणारा तिथेही मागेच राहतो.

रस्त्यावर

पालक मला विचारतात, हे खेळून मुलगा रस्त्यावरही असाच चालवेल का? प्रश्न रास्त आहे, आणि रायपुरात तर जास्तच. नवा रायपूरचे रुंद, सरळ, रात्री रिकामे रस्ते तरुण मुलांना हात करून बोलावतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली आणि सर्वांत मोठं कारण अतिवेग हेच होतं. याच शहरातल्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियममध्ये २०२१ आणि २०२२ मध्ये रोड सेफ्टी वर्ल्ड सिरीज या क्रिकेट मालिकेचे अंतिम सामने झाले, सचिन तेंडुलकर इंडिया लेजेंड्सचा कर्णधार होता. लोक सचिनला पाहायला गेले, पण मालिकेचं नाव ज्यासाठी होतं ते काम मैदानाबाहेर अजून बाकी आहे.

माझं उत्तर असं. खेळातलं शहर एका गोष्टीवर उभं आहे: त्यात माणसं नाहीत. पॅराडाइज सिटीत फुटपाथवर कोणी चालत नाही, गाड्यांमध्ये कोणी बसलेलं नसतं. निर्मात्यांनी ते जाणूनबुजून रिकामं ठेवलं, म्हणून तिथे धडक ही निखळ चाल होऊ शकते. मी हे प्रत्येक मुलाला दाखवतो, गाडी थांबवून फुटपाथ दाखवतो. मग आमच्या शहरातल्या जीई रोडवर संध्याकाळी पायी चालणारे, सायकलवाले, भाजीची हातगाडी मोजायला सांगतो. तिथे वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते, आणि काळ मंद करणारं बटण कोणाच्याही हातात नसतं. लांब पाहणं, फट ओळखणं, समोरचा काय करेल याचा अंदाज घेणं, या खेळातल्या सवयी रस्त्यावरही न्याव्यात. धोक्याला बक्षीस मिळतं हा नियम मात्र पडद्यावरच ठेवावा लागतो, आणि तो तिथे ठेवायला मुलांना कोणीतरी मोठ्याने शिकवावं लागतं.

म्हणून या दिवाळीच्या सुटीत मुलाशेजारी बसा आणि क्रॅश मोडचा एक चौक त्याच्याबरोबर खेळा. प्रत्येक धडकेनंतर एकच विचारा: ही ठरवली होतीस की झाली? ठरवलेल्या धडका वाढत गेल्या तर समजा, मुलगा शिकतो आहे. परवाना हातात येईपर्यंत स्कूटरची किल्ली मात्र तुमच्याकडेच ठेवा.