'द स्ट्रगल'वर दम लागलेली सुंदरी

रस्त्याचं नावच 'द स्ट्रगल' असेल तर दुसरं काय होणार? इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या अ‍ॅम्बलसाइड गावातून कर्कस्टोन खिंडीकडे चढणारा हा अरुंद रस्ता. दोन्हीकडे दगडी गडगे, पलीकडे राखाडी हर्डविक मेंढ्या. टप खाली, केसांत वारा, एकदम फिल्मी! आणि तेवढ्यात आमच्या गाडीचा दमच गेला.

गाडी म्हणजे 1972ची एमजीबी रोडस्टर. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 बनलेल्या घराण्यातली, 1798 सीसीची, दोन एसयू कार्बोरेटरवाली सुंदरी. माझ्या मावसभावाची. खरं तर अजून काही तासच त्याची. घरी बाळ येणार, टू-सीटरमध्ये तिसरा बसणार कुठे? खिंडीपलीकडे पेनरिथला गिऱ्हाईक थांबलं होतं. मी मँचेस्टरहून या लास्ट राइडची पाहुणी.

केंडलला टाकी फुल केली, तोवर सगळं मस्त. चढावर मात्र आचके, खोकला, सेकंड, फर्स्ट... ठप्प! दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. अर्धा मैल गेलं की परत तेच.

"इंजिनच बसलं बहुतेक," दादा म्हणाला. "आता त्या माणसाला काय सांगू?"

बॉनेट उघडलं. वायरी घट्ट, प्लगला स्पार्क व्यवस्थित. कार्बोरेटरची वाटी मात्र जवळजवळ कोरडी. या गाडीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप मागे असतो, चावी फिरवली की टिकटिकतो. कान लावला तर टिक... टिक... अगदी मरगळलेला.

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. केंडलला दादा ज्या झाकणाशी किल्ली घेऊन झटापट करत होता, ते फार चकचकीत दिसलं, म्हणून सहज विचारलं, "हे नवीन का रे?"

दादा गप्प. मग त्याने झाकण उघडलं. फुस्स्! हवा आत गेली आणि पंप टकटकटक सुटला.

फ्रूटीचा टेट्रापॅक स्ट्रॉने ओढत राहा, आत चिकटतो ना? तसंच. पेट्रोल जाईल तेवढी हवा टाकीत यायला हवी. जुन्या झाकणात त्यासाठी वाट होती, या कुलूपवाल्यात नाही. टाकी फुल, म्हणजे वर हवा जेमतेम, त्यामुळे ओढ आणखी लवकर बसली. आणि गंमत बघा, हे झाकण त्याने गिऱ्हाइकावर इम्प्रेशन पडावं म्हणून बसवलेलं!

जुनं डिकीत होतंच. ते लावलं, आणि 454 मीटरवरच्या खिंडीत सुंदरी गुणगुणत पोचली. चर्चच्या कळसासारखा दिसणारा तो दगड, ज्यावरून खिंडीला नाव पडलं, तो दादाने पाहिलाही नाही. तो एक्झॉस्टचा आवाज ऐकत होता.

पेनरिथला त्याने विचारायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. गिऱ्हाईक खो खो हसलं, एक चक्कर मारून आलं आणि ठरलेले पैसे दिले.

परतीच्या ट्रेनमध्ये दादा खिडकीबाहेर बघत होता. खिशात ते चकचकीत झाकण, किल्लीसकट.