अक्षांश आधी की रेखांश?

आई या डिसेंबरात पहिल्यांदाच, तेही एकटी, पुण्याहून आमच्याकडे हिल्सबरोला येणार आहे. परवा फोनवर तिने विचारलं, "अरे, तुझं ऑकलंड आहे तरी किती लांब?" गूगलला विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण इंजिनिअरची खोड! खिडकीतून मानुकाऊची खाडी, हातात चहा आणि लॅपटॉपवर पायथनची 'शेपली' लायब्ररी.

पुण्याचा बिंदू टाकला: १८.५२, ७३.८६. नकाशावर बघतो तर पुणं नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात! शाळेत घोकलेलं 'अक्षांश-रेखांश' जिभेवर पक्कं बसलंय आणि या बाईंना आधी एक्स हवा, म्हणजे रेखांश. हिल्सबरोचे आकडेही उलटेच गेले, १७४.७६ हा अक्षांश तिने मुकाट्याने घेतला. (९० च्या पुढे अक्षांश नसतोच. पण तिच्या लेखी पृथ्वी म्हणजे आलेखाचा कागद.)

बरं, बिंदू उचलून जागेवर ठेवावा, तर २०२२ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून तीही सोय नाही. एकदा बनलेला बिंदू हलत नाही, नवाच बनवावा लागतो. बनवले दोन्ही. अंतर आलं ११५. काय ११५? अंश! हे आईला काय सांगणार, कपाळ? शेवटी पृथ्वीचा गोलावा धरून हिशेब केला: साधारण १२ हजार किलोमीटर.

फोन करून सांगितलं. जरा वेळ गप्प बसली.

"त्यातला समुद्र किती रे?"

त्यासाठी आता किनाऱ्यांचे नकाशे लागतील. उतरवून घेतोय.