बिट्टन मार्केटचा दसरा आणि एक कुम्मैत घोडा

भोपाळच्या अरेरा कॉलनीत राहणाऱ्या मराठी माणसाला बिट्टन मार्केट ठाऊक नाही, असे सहसा व्हायचे नाही. येथल्या हाटात भाजी घ्यावी, ओळखीच्या चार माणसांना 'काय, कसं काय?' विचारावे आणि पिशव्या सावरीत घरी परतावे, हा आमच्या घराचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. शेजारच्या दसरा मैदानावर विजयादशमीला रावणदहन होते. त्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या वृद्ध काकांना हाताला धरून बाजारात नेतो. झेंडूची फुले आणि आंब्याच्या डहाळ्या घेऊन होतात, आणि मग मैदानाच्या कडेला उभे राहून काका आपली ठरलेली कथा सांगतात.

कथा अशी की, आमचे मूळपुरुष थोरल्या बाजीरावसाहेबांच्या फौजेत शिलेदार होते आणि निजामाला भोपाळात कोंडले तेव्हा ते जातीने येथे हजर होते. इतिहासाची पार्श्वभूमी पक्की आहे. 1737च्या डिसेंबरात बादशहाच्या बाजूने माळव्यात उतरलेल्या निजामुल्मुल्काला बाजीरावांनी भोपाळपाशी वेढले, त्याची रसद तोडली, आणि 1738च्या जानेवारीत दोराहा येथे त्याला तह करणे भाग पाडले. नर्मदा आणि चंबळ यांमधील मुलखावरचा मराठ्यांचा हक्क त्याने मान्य केला व खर्चापोटी पन्नास लक्ष रुपये देवविण्याचे कबूल केले. "आपण या गावात उपरे नाही," काका म्हणत, "आपले पूर्वज इथे जिंकून गेले आहेत."

या वाक्यामागे एक जुने दुखणे होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी ठरली, आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबांना बिऱ्हाड उचलून येथे यावे लागले. आमचे वडील त्यांतलेच एक. त्यांच्याबरोबर आलेले काका तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. नागपूर सुटल्याची हळहळ त्यांनी या कथेच्या आधाराने पचवली असावी, असे आम्हांला आता वाटते.

कथेचा आधार म्हणजे आजोबांच्या रुमालातला एक कागद. मोडीतला, काठ झिजलेला, कसरीने खाल्लेला. आजोबा शाळेत मोडी शिकलेले होते. त्यांनी तो वाचून त्याचा मथितार्थ बालबोधीत लिहून ठेवला होता: शिलेदाराचा कुम्मैत घोडा 'भोपाळ नजीक' मुक्कामी गोळा लागून पडला, सबब त्याची किंमत सरकारातून मिळावी, असा तो अर्ज. सन त्यांनी 1737 ठरवले होते.

गेल्या वर्षी आमच्या कुळाचा कुलवृत्तांत छापायचे ठरले. पहिले पान मूळपुरुषाचे. ते काकांनी स्वहस्ते लिहून दिले. वंशावळ जुळवण्याचे काम आमच्याकडे आले, आणि तेथेच पहिली अडचण उभी राहिली.

त्र्यंबकेश्वरी आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. गाव आणि आडनाव सांगताच त्यांनी वही काढली. यात्रेला आलेल्या प्रत्येक पिढीने आपली, वडिलांची, आजोबांची नावे तेथे लिहवून ठेवलेली. अर्जातल्या शिलेदाराचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि गाव वहीत जसेच्या तसे सापडले, तेव्हा अंगावर रोमांच उभे राहिले. परंतु वहीप्रमाणे ते आमच्या आजोबांचे खापरपणजोबा निघाले. आजोबांचा जन्म 1895चा. निजामाच्या वेढ्यात पंचविशीचा असलेला माणूस 1712च्या सुमारास जन्मलेला हवा. एकशे त्र्याऐंशी वर्षांत अवघ्या चार पिढ्या! प्रत्येक पुत्र पित्याच्या शेहेचाळिसाव्या वर्षी जन्मला असे मानल्याशिवाय हा हिशेब बसेना.

शंका मनात घेऊन आम्ही मूळ कागदाचे छायाचित्र काढले आणि मोडीच्या एका जाणकारांना दाखवले. त्यांनी मजकुराला हात न लावता आधी सनाची ओळ पाहिली. जुन्या मराठी कागदांत बहुधा शुहूर सन असे. हे वर्ष मृग नक्षत्रास बदलते आणि अंकांऐवजी अरबी शब्दांनी, एकम् आधी व सहस्र शेवटी, असे लिहिले जाते. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 आणि पुढे 600 मिळवले की इसवी सन येतो. निजामाच्या वेढ्याचे वर्ष शुहूर 1138, म्हणजे 'समान सलासीन मया व अलफ' : आठ, तीस, शंभर आणि हजार.

आमच्या कागदावर 'सलास' दिसत होते, मग कसरीचे भोक, मग 'मया', पुन्हा भोक, आणि शेवटी 'व अलफ'. आजोबांनी 'सलास'चे 'सलासीन' केले आणि एकम् स्थानाचा शब्द फाटक्या काठाबरोबर गेला असे धरले. अकराशे तीस ते एकोणचाळीस या दशकातली भोपाळची मोठी लढाई एकच, म्हणून 1737. तर्क वावगा नव्हता. पण जाणकारांनी छायाचित्र मोठे केले, तेव्हा पहिल्या भोकाच्या कडेला 'अशर'चा शेवटचा 'र' आणि 'मया'च्या पुढे 'तै' स्पष्ट दिसले. 'सलास अशर मयातैन व अलफ' : तीन, दहा, दोनशे आणि हजार. शुहूर 1213. म्हणजे इसवी सन 1812-13. पिढ्यांचा हिशेबही आता बिनतक्रार बसला.

त्या वर्षी भोपाळला कोण होते? निजाम नव्हे आणि बाजीरावही नव्हे. शिंद्यांचे सरदार जगू बापू आणि नागपूरकर भोसल्यांचे सेनापती सादिक अली यांच्या संयुक्त फौजेने त्या साली भोपाळला वेढा घातला होता. माल्कमने 1823 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात त्याची हकीकत आहे. नगराचा बचाव वझीर मुहंमद खानाने केला. वेढा कित्येक महिने चालला, अन्नाचे हाल झाले, तटावर स्त्रियाही लढल्या. आणि अखेर नागपूरकर व शिंदे शहर न घेताच परतले.

म्हणजे आमचे शिलेदार येथे जिंकून गेले नव्हते. ते हात हलवीत परत गेले होते, आणि तेही स्वतःचा घोडा गमावून.

शिलेदाराला घोडा गमावणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. दसऱ्याला निघे आणि शक्यतो पावसाच्या आत घरी परते. घोडा हेच त्याचे भांडवल. म्हणूनच लष्करी कागदांत घोड्याचा रंग व किंमत लिहून ठेवीत. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धातल्या गावोगावच्या शिबंदीत लढलेल्या माणसांना 1832च्या कायद्याने निवृत्तिवेतनासाठी न्यायालयात आपली हकीकत सांगावी लागली, आणि त्या जबान्यांवरून तेथील घरे आज आपले पूर्वज शोधतात. आमच्या पूर्वजाची हकीकत कोणी लिहून घेतली नाही. त्यांच्या नावाला कागदावर जागा मिळाली ती घोडा मेला म्हणून.

हे काकांना सांगावे की नाही, यावर घरात आठ दिवस खल झाला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातून त्याचा अभिमान का काढून घ्यावा, असे एक मत. छापलेले खोटे पुढच्या शंभर वर्षांत खरे होऊन बसते, हे दुसरे. शेवटी आम्ही छायाचित्र, त्र्यंबकच्या वहीचा उतारा आणि सनाचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बेरीज स्वतः कागदावर दोनदा करून पाहिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "घोड्याचे पैसे मिळाले का रे त्यांना?"

ते कागदात नाही, असे आम्ही सांगितले.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपले पान मागवून घेतले आणि नव्याने लिहिले. त्यात बाजीराव नाहीत, निजाम नाही. शुहूर सनाचे चार शब्द आहेत, कुम्मैत घोडा आहे, आणि 'वडिलांचे वाचन भोकामुळे चुकले, हेतू शुद्ध होता' अशी टीप आहे.

यंदाच्या दसऱ्याला आम्ही नेहमीप्रमाणे बिट्टन मार्केटला गेलो. काकांनी मैदानाच्या कडेला कथा सांगितली, ती नवी. आमची नेहमीची भाजीवाली जुन्या शहरातली, पिढ्यान् पिढ्यांची भोपाळी. तिला त्यांनी हिंदीत सांगितले की आमचे पूर्वज तुमच्या गावाला वेढा घालायला आले होते, आणि हरून गेले. ती हसून म्हणाली, "तो फिर आप रह क्यों गए, बाबूजी?" काकांनी क्षणभर विचार केला. "वे घेरा डालने आए थे, हम नौकरी करने," ते म्हणाले. तिने मेथीच्या जुडीवर मूठभर कोथिंबीर फुकट ठेवली.

परततांना काका म्हणाले, "जिंकलो नव्हतो तेच बरे. जिंकलेल्या गावात राहण्यापेक्षा ठेवून घेतलेल्या गावात राहणे चांगले."

वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा एखादा रुमाल माळ्यावर पडलेला असेल. कसर त्यापर्यंत पोहोचण्याआधी तो उघडावा, कागदांची छायाचित्रे काढावीत, आणि सन वाचतांना 'सलास' आणि 'सलासीन' यांत गल्लत करू नये, एवढीच आमची विनंती.