रंगाचा ओघळ

आमच्या दादांची स्कूटर लॅम्ब्रेटा, १९६८ ची. दादा भांडुपच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यात रंगखात्यात कामगार होते. इटलीतल्या इनोसेंटी कंपनीच्या परवान्यावर तिथे लॅम्ब्रेटा तयार होत. दिवसभर ज्या स्कूटरना दादा रंग मारत, तसली एक स्वतःच्या मालकीची व्हायला त्यांना १९८१ साल उजाडावे लागले. तीही एका साहेबाने तेरा वर्षे वापरून विकलेली. त्याच साली माझा जन्म. त्यामुळे घरात माझे वय विसरले तर स्कूटरचे कागद काढीत.

दादा २०१४ साली गेले. स्कूटर जिन्याखाली ताडपत्रीत राहिली. २०२३ मध्ये पुतण्याने डिप्लोमा पुरा केला आणि हट्ट धरला, ‘काका, आजोबांची गाडी उभी करू या. उपनगरात जुन्या गाड्यांचे प्रदर्शन भरते, परीक्षक गुण देतात, तिथे नेऊ.’ मी कारकून माणूस, आधी खर्चाचा अंदाज मागितला. सगळी गाडी एकदम रंगवायला देणे परवडणार नव्हते, म्हणून नमुना म्हणून फक्त उजव्या बाजूचे पॅनल एका गॅरेजमध्ये दिले. कागदावर सही माझीच.

पॅनल परत आले ते आरशासारखे. चेहरा दिसत होता त्यात. पोचे लांबी भरून सपाट केलेले, दोन्ही अंगांनी घासून नवा रंग. चाळीतले सगळे बघून गेले. आईने मात्र ते उलटे केले आणि आतल्या अंगावरून, खालच्या कडेजवळ हात फिरवला. म्हणाली, ‘इथलं कुठं गेलं?’

तिथे बोटभर लांबीचा रंगाचा ओघळ होता. स्प्रे गन एका जागी क्षणभर जास्त थांबली की रंग जमतो आणि खाली उतरून तसाच वाळतो. दादा रविवारी पॅनल काढून पुसायला बसले की आम्हाला तो दाखवत. ‘हा महिनाअखेरचा रंग. आकडा पुरा करायच्या घाईतला. माझा नसेल तर माझ्या शेजारच्याचा.’ कारखान्यात हजारो स्कूटरना लागलेल्या त्यांच्या हाताची खूण म्हणून आमच्याकडे एवढीच होती, आणि तीही त्यांचीच असेल याची खात्री नाही. कारागिराला काय दोष द्यायचा? ओघळ काढणे हेच त्याचे काम. त्याला सांगायला हवे होते ते मी सांगितले नव्हते.

मग मी या विषयाचे थोडे वाचन केले. गुण कसे देतात ते पाहिले आणि चकित झालो. अमेरिकेत १९३५ पासून ‘अँटिक ऑटोमोबाईल क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था आहे. तिच्या परीक्षणात जास्तीत जास्त ४०० गुण. कसोटी अशी की विक्रेत्याने नवी गाडी गिऱ्हाइकाच्या हाती जशी दिली असती, तशी ती दिसावी. त्याहून सरस केलीत तर जादा गुण नाहीत. जिथे कारखान्यातून साधा जस्ताचा मुलामा दिलेला नट येत होता तिथे चकचकीत क्रोमचा लावला, तर ती चूकच धरायची. आणि ज्या गाड्यांना कुणी हातच लावलेला नाही, जुना रंग, जुनी सीट तशीच आहे, त्यांचा वर्ग वेगळा. जगभरच्या क्लबांची ‘फिवा’ ही संघटना १९६६ ची. तिने केलेला तुरीन चार्टर जुन्या इमारतींसाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिस चार्टरच्या धर्तीवर आहे. जेवढे जुने टिकवता येईल तेवढे टिकवा, आणि जे बदलाल ते बदलले म्हणून ओळखता आले पाहिजे, त्याची नोंद ठेवा, असा त्याचा रोख.

हे वाचताना मला आमचे ऑफिस आठवले. सेवापुस्तकात चूक झाली तर ती खोडायची कशी, हे मला पहिल्याच आठवड्यात हेडक्लार्कने शिकवले. एक रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, वर बरोबर लिहायचे आणि बाजूला सही. खरवडायचे नाही, पांढरा रंग लावायचा नाही. वस्तीतल्या मुलांच्या जात पडताळणीची कामे मी वीस वर्षे करतो आहे. तिथेही हाच अनुभव. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली फिकट, शाईचा डाग पडलेली नोंद कामाला येते. कुणी हौसेने वळणदार अक्षरात नोंद नव्याने लिहून ठेवली असेल तर तिथेच संशय घेतात.

पुतण्याला हे पटले नाही. त्याचे म्हणणे असे, आणि ते मला आजही खोडता येत नाही. ‘काका, श्रीमंताच्या गाडीला पोचा पडला की ती ऐतिहासिक. आपल्या गाडीला पडला की भंगार. आपलं नेहमी फाटकंच का दिसावं? आजोबा स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचे ना?’ खरे आहे. दादा कामावरून आले की रंगाचे हात रॉकेलने धूत, मग साबणाने, मगच बाहेर पडत. ते असते तर आरशासारखे पॅनल बघून बहुधा खूश झाले असते. आमच्या आजीची वाकळ आई दर दोन वर्षांनी उसवून ठिगळे बदलत असे, तेव्हा कुणी हळहळले नाही. थंडीचा प्रश्न होता. जुने जपण्याची चैन ज्याला नवे परवडते त्याला सुचते, हेही मी विसरत नाही.

पण ओघळाची गोष्ट निराळी वाटते. पोचा रस्त्याने दिला, गंज पावसाने दिला. ओघळ कुणा कामगाराच्या हातून आला होता. परदेशी परवान्याचे यंत्र, साहेबांनी ठरवलेला आकडा, आणि त्यात आपल्या माणसाचा हात दिसणारी तेवढी जागा. ती आम्ही पैसे देऊन गुळगुळीत करून घेतली.

असो. बाकीची गाडी रंगवली नाही. ब्रेक, केबल, वायरिंग, टायर-ट्यूब मात्र नवे घातले. त्यात मूळपणाचा आग्रह धरणे म्हणजे जिवाशी खेळ. गंज तेलाने पुसून थांबवला. वाटेत सरकारी नियमही वाचून काढला. जुलै २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपातली, चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीला वीस हजार, पुढच्या वेळी पाच हजार. आकडा ऐकून आईने तो विषय तिथेच संपवला.

प्रदर्शनाला गेलो. डावे पॅनल १९६८ चे, उजवे २०२३ चे. लोक डावीकडून बघत आणि उजवीकडे थांबून फोटो काढत. परीक्षक एक वयस्क पारशी गृहस्थ होते, हातात बॅटरी आणि छोटा आरसा. गुडघे टेकून त्यांनी दोन्ही पॅनलखाली पाहिले. उजव्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘काम फार चांगलं आहे. पण हे भांडुपचं काम नाही.’ पुतण्याने विचारले, ‘सर, गंज ठेवला तरी गुण कापता, काढला तरी कापता, मग करायचं काय?’ ते हसले. ‘गंज थांबवायचा, रंग ठेवायचा.’ मुलाने कुर्ल्याहून हौसेने आणलेल्या क्रोमच्या नटांचेही गुण गेले. बक्षीस मिळाले नाही. शेजारची लखलखीत मोटारसायकल लोकांच्या पसंतीचे बक्षीस घेऊन गेली.

घरी येताना पुतण्या म्हणाला, उजवे पॅनल पुन्हा घासून, जुने वाटेल असा रंग मारून देणारे लोक आहेत. डाव्याशी जुळेल. मी नको म्हटले. एकदा खरवडलेल्या नोंदीवर पुन्हा खोटी शाई कशाला?

त्या रविवारी पॅनल काढले. आतल्या बाजूला पुसट न होणाऱ्या पेनाने लिहिले, ‘मूळ रंग भांडुप कारखाना, १९६८. २०२३ साली काढून नवा रंग दिला.’ खाली सही केली. पुतण्या म्हणाला, ‘काका, पुढच्या वेळी परीक्षक हे वाचणार.’ तरी त्यानेही माझ्या खाली सही केली. ओघळ होता तिथे एक गोल काढावा म्हणून मी पेन टेकवला, तर आईने हात धरला.

‘तिथं नाही. जरा खाली.’