थकल्या घोड्यांचें गांव

प्रवासवर्णन म्हटलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी उभें राहतें. आमचा प्रवास ठाण्याहून बदलापुरापर्यंतचा. लोकलगाडीनें तासाभरांत संपणाऱ्या या प्रवासांत लिहिण्यासारखें काय आहे, असें कोणी विचारील, तर त्यास आमचें उत्तर एवढेंच: ठाण्याहून निघतांना जें ओझें कोणास दाखवितांहि येत नव्हतें, तें बदलापूर गांवांत खालीं ठेवतां आलें. ज्यांच्या घरांत एखादें मुकें जनावर वाढलें आणि गेलें असेल, त्या वाचकांस हें ओझें कसलें तें निराळें सांगावें लागणार नाहीं.

आमचा मोत्या गेल्या आश्विनांत गेला. तेरा वर्षें तो आमच्या घरांत होता. शेवटच्या दोन महिन्यांत त्याचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, अन्न सुटलें, उभें राहतांना मागचे पाय थरथरूं लागले. डॉक्टरांनीं होते नव्हते ते सर्व उपाय केले आणि अखेरीस, आतां याला यातनांतून सोडवावें हेंच बरें, असें सांगितलें. कागदावर आम्हीं सही केली. इंजेक्शन देण्याची वेळ आली तेव्हां आमच्या सौभाग्यवती त्याचें डोकें मांडीवर घेऊन बसल्या. आणि आम्ही, घरांतील कर्ते म्हणविणारे, दवाखान्याच्या व्हरांड्यांत येरझारा घालीत राहिलों. आंत जाण्याचें धैर्य झालें नाहीं. ही गोष्ट आम्ही कोणापाशीं बोललों नव्हतों.

माणूस गेलें म्हणजे दहा दिवस हातांना काम असतें. येणारे येतात, बसतात, जाणाऱ्याच्या चार गोष्टी निघतात. तेराव्या दिवशीं गोडाचा घांस तोंडांत घालून माणूस पुन्हां व्यवहारास लागतो. कुत्र्यासाठीं सूतक नाहीं, समाचार नाहीं, कांहींच नाहीं. तिसऱ्या दिवशीं आम्ही नेहमीप्रमाणें बाहेर पडलों. ‘दुसरें पिल्लूं आणा, म्हणजे विसर पडेल,’ असें एकानें सुचविलें. दुसऱ्यानें ‘कुत्र्यासाठीं एवढें?’ असें विचारलें, तेव्हां आम्हीहि हंसून ‘छे, छे’ म्हटलें. मोत्या गेल्याचें दुःख एकीकडे, आणि या ‘छे, छे’ची लाज दुसरीकडे. दोहोंत अधिक टोंचत होती ती लाज.

आमचा एक भाचा अमेरिकेंत असतो. त्यानें कळविलें कीं, तिकडे युटा संस्थानांत केनॅब गांवाजवळ, लाल खडकांच्या ओसाड प्रदेशांत, ‘बेस्ट फ्रेंड्स’ नांवाची अनाथ प्राण्यांची मोठी वसति आहे. १९८४ सालीं ती तेथें सुरू झाली. तिच्या आवारांत प्राण्यांची दफनभूमि असून, गेलेल्या प्राण्याच्या नांवानें लोक तेथें वाऱ्यावर वाजणाऱ्या घंटिका टांगतात. ‘मामा, एकदां इकडे या, त्या वाळवंटांत बसलें म्हणजे मन हलकें होतें,’ असें त्याचें म्हणणें. पत्र वाचून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘तेवढ्यासाठीं अमेरिका कशाला? आपल्याकडे वाळवंट नदीचें असतें.’ खरेंच आहे तें. चंद्रभागेच्या वाळवंटाचें नांव घेतलें म्हणजे मराठी माणसास ओसाड मरुभूमि आठवत नाहीं; नदीकांठची वाळू आणि तिच्यावर जमलेलीं माणसें आठवतात. बदलापूर गांवीं आमच्या आत्याबाई राहतात. दत्तजयंतीस त्यांचें बोलावणें दरवर्षीं असे. मोत्याला कोठें ठेवावें या अडचणीमुळें तेरा वर्षें जाणें झालें नव्हतें. या मार्गशीर्षांत ती अडचण उरली नव्हती. पिशवी भरतांना सौभाग्यवतींनीं मोत्याची पाण्याची पितळी ताटली जुन्या लुगड्याच्या धडप्यांत गुंडाळून आंत ठेविली. कशासाठीं, तें त्यांनीं सांगितलें नाहीं व आम्हीं विचारलें नाहीं.

कल्याण सुटल्यावर गाडी ज्या मार्गानें जाते तो रेल्वेच्या अगदीं पहिल्या मार्गांपैकीं होय. १८५६ सालीं तो खोपोलीपर्यंत पोंचला. वाटेंत उल्हासनगर लागतें. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांस लष्करी छावणींत जागा देण्यांत आली, आणि १९४९ सालीं त्या छावणीस हें नांव मिळालें. पुढें अंबरनाथ. तेथील शिवालयांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजांच्या वेळचें तें काम वालधुनी नदीच्या कांठीं अद्याप उभें आहे. त्यानंतरचें स्टेशन बदलापूर. मुंबईपासून हें सुमारें ६८ किलोमीटर.

स्टेशन ज्या जागीं आहे तें वस्तुतः कुळगांव. २०११ च्या शिरगणतींत कुळगांव-बदलापूर नगरपालिकेची वस्ती १,७४,२२६ भरली होती. स्टेशनाबाहेर पडतांच उंच इमारती, रिक्षांची दाटी आणि दुकानांच्या पाट्या यांनीं जीव गुदमरतो. मूळ बदलापूर गांव मात्र येथून दूर, नदीच्या अंगाला आहे. रिक्षा त्या बाजूस वळली म्हणजे हळूंहळूं आवाज कमी होतो, मध्येंच एखादें कौलारू घर आणि अंगणांतलें जांभळाचें झाड दिसूं लागतें. बदलापूरच्या जांभळास आतां भौगोलिक मानांकन मिळालें आहे. परंतु जांभळाचे दिवस ज्येष्ठ-आषाढाचे, आणि आम्ही गेलों होतों मार्गशीर्षांत. झाडाखालीं सांवलीच काय ती मिळाली.

आत्याबाईंनीं ऐंशी ओलांडली आहे. घर सोंवळ्याचें, मोत्या ठाण्याच्या बिऱ्हाडांत असतांना त्या आमच्याकडे आल्या कीं त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसावें लागे. त्यामुळें त्यांच्यापुढें हा विषय काढावयाचा नाहीं, असें आम्हीं मनाशीं ठरविलें होतें. पहिल्याच दुपारीं जेवण आटोपत आलें आणि आमच्या हातानें तुपाचा हात लावलेला पोळीचा शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला काढून ठेविला. तेरा वर्षांची ती खोड. लक्षांत येतांच आम्ही तुकडा उचलूं लागलों, तोंच आत्याबाई म्हणाल्या, ‘राहूं दे रे. तो त्याचा आहे ना?’

आम्हांस बोलवेना. त्याच पुढें म्हणाल्या, ‘तुझे आजोबा वैश्वदेव झाल्यावर बाहेर जाऊन बळी ठेवीत. कावळ्याचा, कुत्र्याचा, किड्यामुंगीचा. तो ठेविल्यावांचून त्यांनीं कधीं पान घेतलें नाहीं. तूं तेरा वर्षें तेंच करीत होतास. फक्त आधींच्याऐवजीं शेवटीं.’

पंचमहायज्ञांतील भूतयज्ञ आम्ही पुस्तकांत वाचला होता. ज्या शास्त्रानें कुत्र्यास सोंवळ्यांतून बाहेर ठेविलें, त्याच शास्त्रानें गृहस्थाच्या रोजच्या अन्नांत त्याचा वांटा लावून दिला, ही गोष्ट त्या दिवशीं प्रथम ध्यानांत आली. समोर भिंतीवर दत्ताची तसबीर होती. पाठीशीं गाय, पायाशीं चार कुत्रीं. तीं चार वेद होत असें लहानपणीं आत्याबाईंनींच शिकविलें होतें. उंबऱ्याबाहेर बसणारा मोत्या आणि दत्ताच्या पायाशीं बसणारे हे चौघे यांचा मेळ कसा घालावा, हें त्यांनाहि विचारलें नाहीं. इतकेंच पाहिलें कीं, तो तुकडा त्यांनीं स्वतः उचलला आणि अंगणाबाहेर नेऊन ठेविला.

संध्याकाळीं गांवाच्या नांवाची गोष्ट निघाली. मराठी फौजा या वाटेनें जातांना येथें घोडे बदलीत, म्हणून हें बदलापूर, अशी आख्यायिका आहे. कागदोपत्रीं आधार असो वा नसो, गांव ती अभिमानानें सांगतें. आम्ही म्हणालों, ‘लोक आम्हांसहि घोडा बदला असेंच सांगतात.’ आत्याबाईंनीं थोडा विचार केला आणि विचारलें, ‘ताजा घोडा घेऊन स्वार पुढें जाई, हें सगळे सांगतात. पण दमलेला घोडा कोठें जाई, तें कोणी सांगत नाहीं. तो याच गांवांत राहत असेल ना? त्याला कोणी तरी पाणी दाखवीत असेल, पाठीला हात लावीत असेल. तें काम नाहीं का?’

दुसऱ्या दिवशीं दुपार कलल्यावर आम्ही उभयतां उल्हास नदीवर गेलों. राजमाचीच्या दरींत उगम पावलेली ही नदी कर्जत-नेरळवरून येथें येते आणि कल्याणच्या पुढें वसईच्या खाडीस मिळते. कोंकणांतल्या बहुतेक नद्या हिंवाळा सरतांना आटूं लागतात. ही मात्र वाहती असते, कारण घाटमाथ्यावर अडविलेलें पाणी भिवपुरीच्या वीजघरांतून हिच्यांत सोडलें जातें. १९२२ पासून हा क्रम चालू आहे. पावसाळ्यांत हीच नदी उग्र होते. २६ जुलै २००५ चा पूर येथें अद्याप कोणी विसरलेलें नाहीं; आणि २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यानें वेढली जाऊन हजाराहून अधिक प्रवासी अडकले होते. सर्व सुखरूप बाहेर आले. त्या दिवशीं मात्र पाणी इतकें संथ होतें कीं, खंड्या पक्ष्यानें सूर मारला तेवढाच आवाज झाला. कांठावर वाळू थोडी, गोटे आणि कातळच फार. पलीकडे मलंगगडापासून चंदेरीपर्यंतची रांग निळी पडत चालली होती.

त्या कातळावर बसून आम्हीं प्रथमच सौभाग्यवतींजवळ ती व्हरांड्याची गोष्ट काढली. धर्मराजाची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. स्वर्गाचें दार उघडें असतां, कुत्र्यास टाकून आंत येणार नाहीं, असें त्यानें इंद्रास सांगितलें. येथें तर उलट झालें. मोत्या दाराशीं पोंचला, आणि आम्हीच त्याला टाकून बाहेर आलों. हें बोलतांना आमचा आवाज नीट राहिला नाहीं.

सौभाग्यवती बराच वेळ पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही बाहेर फेऱ्या घालीत होतां ना, तुमच्या चपलांचा आवाज आंत येत होता. त्याचा कान तिकडेच होता. आवाज लांब गेला कीं तो डोकें उचलूं पाही, जवळ आला कीं माझ्या मांडीवर टेकी. शेवटीं टेकलेलेंच होतें. तुम्ही घरांतच आहां, असें त्याला वाटलें असेल.’

हें त्यांनीं इतके दिवस कां सांगितलें नाहीं, असें आम्हीं विचारलें. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही कधीं त्याचें नांवच काढलें नाहीं.’

सूर्य डोंगरामागें जाईपर्यंत आम्ही बसून होतों. आंत जावयास हवें होतें, हें आम्हांस आजहि वाटतें. पण त्या संध्याकाळीं आम्ही मोत्याविषयीं तासभर बोललों. त्यानें दिवाळींत पलंगाखालीं काढलेल्या रात्री, चोरून खाल्लेली पुरणपोळी, परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या पायांशीं बसून केलेलें जागरण, सर्व कांहीं. समाचारास येणारीं माणसें जें काम करतात, तें आम्हीं एकमेकांसाठीं केलें.

मुक्या प्राण्यासाठीं शोक करणें ही परदेशांतून आलेली हौस आहे, असें कोणास वाटत असेल तर त्यानें साताऱ्याजवळ संगम माहुलीस जावें. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर छत्रपति शाहू महाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि आहे. शिकारींत त्यानें महाराजांस वाघापासून वांचविलें, असें सांगतात. इंग्लंडांत कवि बायरन यानें आपल्या कुत्र्यासाठीं न्यूस्टेड येथें थडगें बांधविलें, तो कुत्रा १८०८ सालीं मेला. शाहू महाराज त्याच्याहि सुमारें साठ वर्षें आधींचे. ज्या राजानें राज्याचा एवढा भार वाहिला, त्यास कुत्र्याची समाधि बांधतांना ‘छे, छे’ म्हणावेंसें वाटलें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं पहांटे सौभाग्यवतींनीं ती ताटली बाहेर काढली. अंगणाच्या कोंपऱ्यावर जांभळाखालीं गांवचा एक म्हातारा कुत्रा येऊन बसत असे. एक कान फाटलेला, नांव कांहीं नाहीं. ताटलींत पाणी भरून ती त्याच्यापुढें ठेविली. तो आमच्याकडे संशयानें पाहत उठला आणि चार पावलें दूर जाऊन बसला. मोत्याची ताटली असली म्हणून तो मोत्या थोडाच होणार होता? आम्ही परत ओसरीवर आलों. तेव्हां कोठें तो आला, आणि सावकाश पाणी प्याला. आत्याबाई आंतून म्हणाल्या, ‘ताटली येथेंच राहूं दे. मी भरीत जाईन.’

कोणास बदलापुरास जावयाचें असेल तर कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. कोंडेश्वराचें स्थान पाहण्यासारखें आहे. मात्र तेथील डोहांनीं अनेकांचे बळी घेतले आहेत, तेव्हां पावसाळ्यांत पाण्यांत उतरूं नये. मूळ गांवांत पाहण्यासारखें म्हणून फारसें कांहीं नाहीं. नदीवर तासभर बसण्याची तयारी असेल, आणि बरोबर ज्याच्याशीं बोलावयाचें राहून गेलें आहे असें एखादें माणूस असेल, तर जावें.

घरीं आतां पोळीचा तुकडा आम्ही ताट वाढतांच बाजूस काढतों आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर ठेवतों. गेल्या आठवड्यांत आत्याबाईंचा फोन आला होता. फाटक्या कानाचा तो अलीकडे आणखी एकास बरोबर घेऊन येतो, म्हणून ताटली दिवसांतून दोनदां भरावी लागते, अशी त्यांची तक्रार होती.